तात्यांची पोटदुखी

तात्या,

तुम्ही गेल्यापासून आपल्या घरात हिरवी मिरची ठेचलेली नाही. बारा-तेरा वर्षं होत आली. तुम्हाला हे खरं वाटणार नाही, कारण ताटात ठेचा नसला तर तुम्ही ताटाकडे बघायचाही नाही. आई तव्यावर मिरच्या भाजायला लागली की तुम्ही पोर्चमधून खोकत खोकत आत यायचा आणि "आज कुणाला मारायचा बेत हाय?" म्हणून तिला चिडवायचा. आता घरात सगळं मऊ आणि फिकं शिजतं. तुमचा धाकटा लेक लोणी देवकर गावच्या कंपनीत सुपरवायझर झाला आहे. पाळी सुटली की तो मित्रांबरोबर हायवेला डाळजच्या बाजूला जातो, माशाचं झणझणीत कालवण ओरपतो, तिथेच तोंड धुतो आणि घरी येऊन आईने वाढलेली मुगाची आमटी निमूट खातो. सूनबाईने तिखटाची बरणी कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आहे. आईला वाटतं, तिने घराला चांगली सवय लावली. कुणी तिला काही बोलत नाही, कारण हे सगळं तुमच्या पोटदुखीमुळे आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

तुमचं पोट कधीच दुखत नव्हतं, हे मात्र फक्त मला, थोरल्या आबांना आणि मामांना माहीत होतं. मामा आधीच गेले, आबा तीन वर्षांमागे. मग मी एकटीच राहिले.

त्या दुपारपासून सांगते. तुम्ही डाळिंबावर फवारायचं औषध न्यायला बारामतीला आला होता आणि जाताना आमच्या मेडिकलमध्ये डोकावला. "लायसन पोरीचं आन गल्ला जावयाचा," असं तुम्ही या दुकानाबद्दल चारचौघांत सांगायचा आणि जावयाला ते झोंबायचं. तेव्हा ते जेवायला घरी गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही काउंटरच्या आत येऊन स्टुलावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी चहा सांगू का विचारलं तर नको म्हणाला. तिथेच मला कळायला पाहिजे होतं, कारण चहाला नको म्हणणारा माणूस तुम्ही नव्हताच.

"पोरी, मला कशात गोडीच वाटंना झालीय," तुम्ही म्हणाला. "सकाळी डोळं उघडलं की वाटतं, कशाला उघडलं. बागंत जातो, हुबा ऱ्हातो आन तसाच माघारी येतो. जगूच वाटंना बघ."

मोटार जळाली हे सांगावं तशा आवाजात तुम्ही हे सांगितलंत. रडला नाहीत, काही नाही. मी कधीपासून म्हणून विचारलं, तर "लय दिस झालं" एवढंच म्हणाला. मी काय केलं असेल? मागच्या फळीवरून ताकदीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. "अशक्तपणा आलाय तात्या, उन्हात किती फिरता," असं म्हणाले आणि ते तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते उलटसुलट करून बघितलंत, सदऱ्याच्या खिशात घातलंत आणि विचारलंत, "जेवणाआधी का जेवल्यावर?" मी सांगितलं, जेवल्यावर. तुम्ही मान हलवलीत, टोपी घातलीत आणि स्टँडकडे चालायला लागलात. ते "जेवणाआधी का जेवल्यावर" अजून मला गिऱ्हाईक विचारतं, रोज विचारतं, आणि दरवेळी उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागतो.

मला काही समजत नव्हतं असं नाही, तात्या. अडाणी असते तर आज इतकं टोचलं नसतं. मनाच्या आजाराच्या गोळ्या माझ्याच दुकानात हाताच्या अंतरावर होत्या. त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आमच्याच रस्त्याला आहे, तुम्हाला हाताला धरून चालत नेलं असतं तरी पोचलो असतो. पण त्यांच्याकडे नंबर लावणारी बाई आपल्या भावकीतली होती. संध्याकाळपर्यंत आपल्या गावात, अंथुर्ण्यात बातमी गेली असती की तात्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. धाकट्याची सोयरीक ठरत आली होती. मी मनात म्हटलं, दिवाळी झाली की पुण्याला नेऊ, तिथं आपल्याला कोण ओळखतं. आजारी माणसाला मी सणापर्यंत थांबवून ठेवलं, आणि ते मला शहाणपणाचं वाटलं.

त्या दुपारी तुम्ही दुकानातून गेल्यावर मी तुमच्या थोरल्या भावाला, आबांना, फोन केला. ते म्हणाले, "तू घाबरू नगं. आपून बसून त्याची समजूत घालू." समजूत घालणं हे आपल्याकडचं जुनं औषध. वाटणी अडली, सून माहेरी जाऊन बसली, पोरगा रुसून निघून गेला, की चार मोठी माणसं जमतात, त्या माणसाला मध्ये बसवतात आणि त्याचाच संसार त्याला मोजून दाखवतात. या कामाला आपल्या भागात तुमच्यासारखा दुसरा माणूस नव्हता. पार इंदापूरपासून लोक गाडी घेऊन तुम्हाला न्यायला यायचे. तुम्ही जायचा, तिथे भरपूर बोलायचा, भरपूर जेवायचा आणि घरी येऊन "झालं, बसली समजूत" म्हणून आडवा व्हायचा. आणि त्या रविवारी आम्ही तुम्हालाच मध्ये बसवलं.

आई त्या दिवशी भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला इंदापूरला गेली होती. साड्या-कपड्यांची ती खरेदी दिवसभर चालते, म्हणून आबांनी तोच दिवस धरला. "बाईमाणूस घाबरंल, तिला कशाला कळू द्यायचं," ते म्हणाले आणि मला ते पटलं. मीही बाईमाणूसच होते, पण माझ्याकडे लायसन होतं ना.

"काय कमी हाय तुला?" आबांनी सुरुवात केली. "बारमाही पाणी हाय. बाग नजर लागंल अशी हाय. कुणाचं काय देणं न्हाय."

"पोरगी सुखात हाय, पोरगं नोकरीला लागलंय," मामा म्हणाले. "आमची बहीण सोन्यासारखी मिळालीय तुमाला दाजी. आजून काय पायजे?"

तुम्ही पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला आहात आणि मान हलवता आहात. प्रत्येक गोष्टीला "व्हय, खरं हाय" म्हणता आहात. मध्येच उठून तुम्हीच सगळ्यांना पाणी देता. ही सगळी वाक्यं तुमचीच होती, तुम्ही ती कितीतरी घरांत बोलला होता, त्यामुळे पुढचं काय येणार हे तुम्हाला आधीच माहीत असणार. "काय कमी न्हाय," शेवटी तुम्ही म्हणाला आणि ओशाळल्यासारखे हसला. मला तेव्हा वाटलं, उतरलं डोक्यातून.

मग आबा म्हणाले, "पोरीच्या डोक्यावर हात ठिव. पुन्यांदा असलं काय तोंडातनं काढणार न्हाय म्हण."

मी उठून तुमच्यापुढे आले. ओढणी सारखी केली आणि खाली वाकले. तुमचा हात माझ्या डोक्यावर आला, जरा वेळ तसाच राहिला. "न्हाय बोलणार," तुम्ही म्हणाला. आबांनी समाधानाने तंबाखू मळायला घेतली. तात्या, तुम्ही शब्दाचे पक्के होता, सगळा तालुका सांगेल. तुम्ही खरंच पुन्हा बोलला नाहीत. मी फोन केला की "बरा हाय", धाकट्याने विचारलं की "बरा हाय", आणि मी गोळ्या घेता ना म्हणून विचारलं की "जेवल्यावर घेतो." बरं व्हा, असं आम्ही तुमच्याकडून वदवून घेतलंच नव्हतं. बोलू नका, एवढंच वदवून घेतलं होतं, आणि तेही माझ्या डोक्यावर हात ठेवून. तुम्हाला पुन्हा कधी माझ्या दुकानात येऊन त्या स्टुलावर बसावंसं वाटलं असेल, तर माझ्या जिवाच्या काळजीने तुम्ही आला नसाल. हा विचार मला कितीही झटकला तरी जात नाही.

दिवाळी यायच्या आधीच तुम्ही आत्महत्या केली. हा शब्द लिहायला मला इतकी वर्षं लागली. त्या दिवसाबद्दल दुसरं काही लिहिणार नाही. मी बारामतीहून पोचले तेव्हा अंगणात माणसं होती आणि पोलीस पाटलांच्या शेजारी हवालदार उभे होते. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त कारण पाहिजे होतं. कर्ज होतं का, तर नव्हतं. भावाभावांत काही, तर नाही. घरात भांडण, तर तेही नाही. "मग काय दुखणं-बिखणं?" त्यांनी विचारलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण औषधाची माहिती असलेली मीच. खरं सांगितलं असतं तर त्या रविवारचं सांगावं लागलं असतं, गोळ्यांचं सांगावं लागलं असतं, आणि धाकट्याच्या सोयरिकीचं काय झालं असतं ते दिसतच होतं. मी म्हणाले, "पोट दुखायचं त्यांचं."

"व्हय, लय दुखायचं," आबा लगेच म्हणाले. "सोसायचा बिचारा."

आपल्याकडे पेपरात अशा बातम्यांत पोटदुखीला कंटाळून असं इतक्यांदा येतं की कुणाला शंकाही आली नाही. हवालदारांनी मान हलवली, अंगणातल्या माणसांनी मान हलवली. आत बायकांच्या घोळक्यात आई बसली होती, तिच्यापर्यंत ते कुणीतरी नेलं. मी आत गेले तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "पोट दुखत हुतं? आन मी त्यास्नी ठेचा वाढत हुते?"

तिथेच सांगायला पाहिजे होतं. तिच्या कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी तिला जवळ घेतलं आणि गप्प बसले. हवालदारांना खोटं सांगितल्याचं मला फार काही वाटत नाही, त्यांना रिकामी जागा भरायची होती. आईपुढे गप्प बसले ते मात्र माझ्यानं धुऊन निघत नाही.

पुढे तिचं सुरू झालं. मिरची गेली, मसाला गेला. कुणी पाहुणा आला की "त्यांचं पोट दुखायचं, माझ्या ध्यानातच आलं न्हाय" हे ती सांगणारच. एकदा दुकानात बसली असताना मला विचारते, "का गं, पोट दुखत असलं तर माणूस जेवताना तोंड वाकडं करतंच की, न्हाय?" मी गिऱ्हाईकाचं बिल करत होते. म्हटलं, काहीजण नाही करत. "मग त्येच," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. तिला बरं वाटावं म्हणून बोललेलं ते वाक्य, पण त्याने तिची खात्रीच पटली. तुम्ही तिच्या हातचं खाऊन रोज तडफडत होता आणि हसत होता, अशी तिची पक्की समजूत बसली. बघा, ही समजूत मात्र एका फटक्यात बसली.

मी स्वतः पुढे त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. आपल्या भावकीतल्या बाईनेच माझा नंबर लावला आणि गावात काहीही झालं नाही. "कशी हाईस गं?" तिने विचारलं, तेवढंच. एवढ्याशा बाईला मी घाबरले होते. बरेच महिने जात होते. रात्रीची झोप परत आली. आता दुकानात कुणी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी चार घड्या घालून, आजूबाजूला बघत पुढे करतं, तेव्हा मी घाई करत नाही. बसा म्हणते, कसं वाटतंय विचारते, सांगितलं तर ऐकते. काय कमी आहे तुम्हाला, असं मी कुणालाच म्हणत नाही. पण डॉक्टरीणबाई जेव्हा जेव्हा विचारायच्या, "आईंशी बोललात का?" तेव्हा मी पुढची तारीख घेऊन उठायचे.

यंदा उसाचा हंगाम संपत आला असताना धाकट्याचा फोन आला. "आक्का, आई जेवंना. वाकून चालतीय. दवाखान्यात चल म्हणलं तर अंगावर येतीय." मी गेले. आई ओट्याला धरून उभी होती, चेहरा पिवळा पडलेला, आणि तशातही भाकरी थापत होती. उजव्या बरगडीखाली हात लावला तर ओरडलीच. ताप होता. सूनबाई म्हणाली, महिन्याभरापासून येऊन-जाऊन दुखतंय, मला शपथ घातली होती सांगू नको म्हणून.

"गाडी काढ," मी धाकट्याला म्हणाले.

"कुठं न्हाय यायची मी," आई म्हणाली. "तुमच्या तात्यांनी एवढं सोसलं. चकार शब्द काढला न्हाय. मला तेवढं तरी सोसू दे. तितं गेल्यावर त्यास्नी काय तोंड दावू?"

तिला मरण दिसत होतं आणि ती त्याला फेड समजत होती, तात्या. माझ्या एका वाक्याची फेड. मी गॅस बंद केला. तिचे पिठाचे हात माझ्या हातात घेतले आणि म्हणाले, "आई, तात्यांचं पोट कधी दुखत नव्हतं. ते मी खोटं सांगितलं."

मग मी सगळं सांगितलं. दुपार, स्टूल, गोळ्या, तिच्या बस्त्याचा रविवार, शपथ. धाकटा दारात उभा होता, त्यालाही हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं, तो खालीच बसला. आईने हात सोडवून घेतले.

"तू माझ्या म्होरनं उठ," ती म्हणाली. "एवढी वरसं मला जाळलंस. ऊठ."

मी उठले. बाहेर पोर्चमध्ये जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने ती चप्पल घालून आली आणि गाडीत मागे बसली. मी तिच्या शेजारी बसले, तेव्हा सरकली नाही पण खिडकीकडे तोंड केलं. रस्त्यात पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, धाकट्याला पुढे काढता येईना. तो हॉर्न वाजवत होता आणि डोळे पुसत होता. मग ती खिडकीकडे बघतच म्हणाली, "तुला बोलले त्ये."

"हो."

"मला का न्हाय बोलले? मी हितं घरात हुते. एका ताटाला ताट लावून जेवत हुते. मला का न्हाय?"

पोटदुखी मी तिच्याकडून काढून घेतली होती आणि तिच्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. ती आता माझ्याकडे वळली होती. तिने माझं मनगट धरलं होतं, दुखण्याने का रागाने कोण जाणे, फार घट्ट.

"ते म्हणाले होते," मी म्हणाले, "आईला सांगू नको. तिच्याजवळ बसलं की तेवढा वेळ बरं वाटतं. तिला सांगितलं तर तेवढी एक जागा पण जाईल."

तिने मनगट सोडलं. "असं म्हणले?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हणाले. मग तिने डोकं मागे टेकलं आणि बारामती येईपर्यंत डोळे मिटून रडत राहिली.

पित्ताच्या पिशवीत खडे होते, पिशवी सुजली होती. ऑपरेशन झालं, आता बरी आहे. माझ्याशी अजून तुटक बोलते, आणि तो तिचा हक्क आहे. पण दवाखान्यात शेजारच्या कॉटवरच्या बाईला ती सांगत होती ते मी पडद्यामागून ऐकलं. "आमच्या मालकास्नी मनाचं दुखणं हुतं. पर माझ्याजवळ बसलं की बरं वाटायचं त्यास्नी. पोरीला तसं म्हणले हुते." तुमचा आजार ती पहिल्यांदाच त्याच्या नावाने सांगत होती, लाज न वाटता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे लिहायला हरकत नाही. तुम्ही तसं काही म्हणाला नव्हता. त्या दुपारी तुम्ही आईचं नावही काढलं नव्हतं. तिकडे भेटल्यावर ती पहिलं हेच विचारेल. तेव्हा एवढं हो म्हणा, तात्या.